एकाच कपाटातली चार रजिस्टरं

आमच्या टाइम ऑफिसात एक हिरवं लोखंडी कपाट आहे. मधल्या कप्प्यात हजेरीचं, ओव्हरटाइमचं आणि युनिफॉर्मचं रजिस्टर. खालच्या कप्प्यात वर्षातून एकदा होणाऱ्या मेडिकल कॅम्पची फाइल. हजेरी आता अंगठ्यावर लागते, तरी मी हातानं नोंद ठेवायचं सोडलेलं नाही. त्या कपाटाची किल्ली गेली बावीस वर्षं माझ्याकडे आहे. पुढं जे लिहितोय ते मीच लिहायला हवं, ते या किल्लीमुळं.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचा कारखाना. पत्र्याचे सुटे भाग दाबून काढायचे आणि मोठ्या गाड्यांच्या कंपन्यांना पाठवायचे. तीनेकशे कायम माणसं, आणि त्याहून जास्त कंत्राटी. प्रेस शॉपमध्ये ज्यांना सगळे अण्णा म्हणायचे ते आमचे सर्वांत जुने ऑपरेटर. दिंडोरीकडचे. शिफ्टच्या आधी दहा मिनिटं यायचे, हात पुसून चेकशीट भरायचे आणि मगच मशीनला हात लावायचे. हायड्रॉलिक प्रेसच्या गेजवर लाल रेघ असते. काटा तिच्याजवळ जरी गेला तरी अण्णा मशीन बंद करून मेंटेनन्सला बोलवायचे. सुपरवायझर घाई करायला लागला की म्हणायचे, "साहेब, दाब दिसत नाही. दिसतो तेव्हा सील फुटलेलं असतं."

त्या वर्षीचा कॅम्प कँटीनमध्ये भरला. कॅम्प कसा असतो ते कारखान्यात काम केलेल्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. सकाळी साडेसातला लॅबची माणसं आली. बीपीची दोन मशीनं, दोन पोरं, आणि नोंदी करायला मी. साडेअकरापर्यंत कँटीन रिकामी करून द्यायची होती, जेवणाची सुट्टी असते. नंतर कधीतरी मी हिशेब मांडला. चार तास, दोन मशीनं, म्हणजे ४८० मिनिटं. तीनशे माणसं धरली तर एकाच्या वाट्याला दीड मिनिटाच्या वर थोडंसं. त्यात बाकावर बसणं, पट्टा बांधणं, हवा भरणं, आकडा सांगणं आणि उठणं, सगळं आलं.

बीपी बघण्याआधी माणसानं पाच मिनिटं नुसतं शांत बसायचं असतं. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, एकावर एक नाहीत, हात टेबलावर छातीच्या पातळीला, दंड उघडा. अर्धा तास आधी चहा नको, विडी-तंबाखू नको. लघवी लागलेली असेल तर आधी जाऊन यायचं, नुसत्या तेवढ्यानंही आकडा चढतो. मोजताना बोलायचं नाही. आणि एकदा मोजून थांबायचं नाही, मिनिटभरानं पुन्हा मोजायचं. दंड जाड असेल तर पट्टाही मोठा हवा, नाहीतर आकडा खोटा चढलेला येतो.

आमच्या कँटीनच्या बाकांना पाठच नाही. पट्टा युनिफॉर्मच्या जाड शर्टावरूनच बांधला जात होता. रांग भिंतीच्या कडेनं फिरून थेट चहाच्या काउंटरपर्यंत गेलेली, तिथं उभा माणूस चहा घेणारच. थर्ड शिफ्टवाले रात्रभर जागून थांबलेले, डोळे लाल. आणि पोरगा मशीनवरचा आकडा मोठ्यानं ओरडून सांगत होता, कारण मी दोन टेबलं पलीकडे बसलो होतो. "एकशे अठ्ठावन्न, शंभर!" रांगेतून कोणीतरी म्हणायचं, "घरी भांडून आला काय रे?" सगळे हसायचे. ज्याचा आकडा तो हसत हसत शर्टाची बाही खाली करायचा. त्या हसण्यामागची भीती मला त्या दिवशी दिसली नाही. 'अनफिट' हा शब्द कारखान्यात माणसाला घाबरवतो. ओटी म्हणजे ओव्हरटाइम बंद होईल, क्रेनवरून काढून झाडलोटीला लावतील, आणि कंत्राटी असला तर उद्यापासून गेटवरच थांबवतील. खरं तर कंत्राटी पोरांना त्या रांगेत घेतलंच नव्हतं. यादी कायम कामगारांची होती.

अण्णा साडेआठच्या सुमारास बसले. थर्ड शिफ्ट करून आलेले. १६८, १०४. मी लिहिलं. मान वर करून म्हणालो, "अण्णा, जास्त आहे हो. दाखवून घ्या डॉक्टरला."

"रात्रपाळीचं जागरण आहे भाऊ. झोप झाली की उतरंल."

हे अगदीच खोटं नव्हतं, आणि त्यामुळंच ते घातक ठरलं. रांगेत उभं राहून, जागरणावर, चहा पिऊन घेतलेल्या एका आकड्यावरून कोणाला रक्तदाबाचा आजार आहे असं कोणताही शहाणा डॉक्टर म्हणणार नाही. पुन्हा मोजायचं, आठवड्यानं मोजायचं, मग ठरवायचं. पण आमच्याकडं 'पुन्हा' नव्हतंच. एक मोजणी खात्रीची नसते हे सगळ्यांना कळलं होतं, पण दुसरी करायची हे कोणाचंच काम नव्हतं. त्या मधल्या जागेत अण्णांसारखी किती माणसं निवांत राहिली असतील.

लॅबनं तीन आठवड्यांनी रिपोर्ट पाठवले, स्पायरल बांधलेली एकच प्रत. शेऱ्याच्या रकान्यात 'फिजिशियनचा सल्ला घ्यावा' असं छापलेलं, आणि दर चार-पाच नावांनंतर तोच शेरा. मी फाइलला नंबर घातला आणि कपाटात खालच्या कप्प्यात ठेवून दिली. ऑडिटला लागते. त्याच आठवड्यात एका ऑर्डरची घाई होती आणि अण्णांच्या ओटीच्या कागदावर सही घ्यायला मीच मॅनेजरसाहेबांकडे गेलो होतो.

साडेसात महिन्यांनी, पहाटे साडेतीनच्या पुढे, अण्णा प्रेससमोर खाली बसले. शेजारच्या पोराला वाटलं चक्कर आली. कोणी पाणी आणलं, कोणी फिट समजून कांदा हुंगवला, कोणी साखर तोंडात घातली. तोंड वाकडं झालंय, उजवा हात उचलत नाही, बोलणं लागत नाही, हे दिसत होतं पण त्याचा अर्थ कोणाला ठाऊक नव्हता. तोंडात काहीही घालायचं नसतं हेही ठाऊक नव्हतं. गाडी मिळून दवाखान्यात पोचेपर्यंत पाऊण तास गेला. सीटी स्कॅनमध्ये मेंदूत डाव्या बाजूला रक्तस्राव. डॉक्टरांनी नातेवाइकांना विचारलं, "बीपीची गोळी कोणती चालू होती?" वहिनी म्हणाल्या, "त्यांना बीपी नव्हतंच कधी."

मी तिथं उभा होतो.

दुसऱ्या दिवशी टाइम ऑफिस उघडून मी आधी ती फाइल काढली. आकडा माझ्याच अक्षरात होता. १६८/१०४. निळी शाई.

पुढचे काही महिने मी जे मिळेल ते वाचत होतो. मी डॉक्टर नाही, कॉमर्सचा पदवीधर आहे, पण रजिस्टरं वाचता येतात. लंडनमधल्या जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांची गोष्ट वाचली. १९५३ साली त्यांनी तिथल्या दुमजली बसच्या ड्रायव्हर-कंडक्टरांच्या आजारांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढ-उतार करणारा. गाडी तीच, रस्ता तोच, पण हृदयविकार ड्रायव्हरांना जास्त आणि जास्त जीवघेणा. इथवर अनेकांना माहीत असेल. मला गुंतवलं ते पुढच्या भागानं. १९५६ मध्ये मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिफॉर्मच्या नोंदी तपासल्या. शिंपी प्रत्येकाच्या पँटीची कंबर लिहून ठेवतात. ती मापं आयती कपाटात पडलेली होती. ड्रायव्हरांची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी निघाली, आणि तरुण वयातही मोठी निघाली. म्हणजे सगळा दोष खुर्चीचा नव्हता, त्या कामाला येणारी माणसंही थोडी वेगळी असावीत, असं त्यांनीच आपल्या आधीच्या निष्कर्षाला पुन्हा तपासून मांडलं. हा प्रामाणिकपणा मला फार आवडला.

युनिफॉर्मचं रजिस्टर माझ्याकडंही होतं. मी चारही रजिस्टरं पहिल्यांदा एका टेबलावर ठेवली आणि अण्णांची ओळ शोधली. युनिफॉर्म: मी कामाला लागलो त्या वर्षी कंबर ३२, मग ३४, शेवटचं माप ३८. हजेरी: शेवटच्या वर्षात थर्ड शिफ्टचे दिवस निम्म्याच्या आसपास, कारण तरुण पोरं रात्रपाळी टाळत आणि अण्णा नाही म्हणत नसत. ओटी: कित्येक आठवडे साठ तासांच्या वर. मेडिकल: मागच्या तीन कॅम्पमध्ये वरचा आकडा १४६, १५४, १६८. तीन वर्षं ओळीनं चढत गेलेला. दरवर्षी मीच लिहिलेला. तीनदा वेगवेगळ्या पानांवर लिहिला म्हणून मला चढ दिसला नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०२१ मध्ये मिळून सांगितलं, की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा सुमारे ३५ टक्के जास्त असतो. चाळिशी ते सत्तरीच्या दरम्यान वरचा आकडा वीसनं चढला, की पक्षाघातानं किंवा हृदयविकारानं जीव जाण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, हेही लाखो माणसांच्या नोंदींवरून आधीच कळलेलं आहे. रात्री झोपेत रक्तदाब आपोआप खाली उतरायचा असतो, ती शरीराची रोजची विश्रांती. रात्रपाळीत ती मोडते. या प्रत्येक गोष्टीची नोंद माझ्या कपाटात होती. मला ज्ञान कमी पडलं असं म्हणता येत नाही. मी पानं शेजारी शेजारी ठेवली नाहीत, एवढंच कमी पडलं.

लोक म्हणतात, बीपी असतं तर डोकं दुखलं असतं. बहुतेकांचं दुखत नाही. वाढलेला दाब वर्षानुवर्षं काही न बोलता काम करत राहतो. हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होत जाते, मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्या खराब होतात, मेंदूतल्या केसासारख्या वाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. अण्णांना हे प्रेसच्या बाबतीत तोंडपाठ होतं.

आपल्या देशात हे किती घरांत आहे? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१ टक्के जणांचा रक्तदाब वाढलेला किंवा गोळ्यांवर होता. दर चार-पाच नावांमागं एक शेरा, हे आमच्या फाइलचं गणित तिथंच जुळतं. आणि आपल्याकडं हे लवकर येतं. ५२ देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी, मधल्या हिशेबानं त्रेपन्नाव्या वर्षी, आलेला दिसला. म्हणून मला रांगेत न घेतलेल्या कंत्राटी पोरांची जास्त काळजी वाटते. अठ्ठावीस-तीस वर्षांची पोरं, खोलीवर पाचजण, बारा तास काम, गालात तंबाखूचा बार, रात्री दोनला फरसाण आणि वडापाव. नवीन कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि चाळिशीच्या वरच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी त्यात आली. चांगली गोष्ट आहे, मनापासून म्हणतो. पण तिशीतल्या पोराला दहा वर्षं थांबायला सांगू नये, आणि तपासणी म्हणजे स्पायरलची फाइल असं होऊ नये.

मग आम्ही काय केलं, तेही सांगतो. फार मोठं काही नाही.

सेफ्टी ऑफिसर मॅडम आणि युनियनच्या कमिटीसमोर मी ती चार रजिस्टरं घेऊन गेलो. आधी कमिटीवाले बिचकले. "आकडे मॅनेजमेंटच्या हातात गेले तर?" रास्त प्रश्न होता. बरीच चर्चा होऊन तीन गोष्टी लिहून ठरल्या. आकडा कामगाराच्या स्वतःच्या कार्डावर लिहायचा आणि कार्ड त्याच्याकडेच राहणार. कोणाचाही आकडा मोठ्यानं बोलायचा नाही. नुसत्या आकड्यावरून कोणाचं काम बदलायचं नाही, त्यासाठी डॉक्टरांचं लेखी मत हवं. कंत्राटी कामगार धरूनच सगळं करायचं, यावर मॅडम अडून बसल्या. मी त्यांचा ऋणी आहे.

टाइम ऑफिसच्या मागच्या लहान खोलीत पाठ असलेली खुर्ची, टेबल आणि दंडाला बांधायचं मशीन ठेवलं, पट्टे दोन मापांचे. शनिवारी आणि बुधवारी. रात्रपाळीवाल्यांचं शिफ्ट सुरू होण्याआधी, सुटताना नाही. पाच मिनिटं बसवायचं. पहिल्या महिन्यात लोकांना त्या पाच मिनिटांचंच जास्त अप्रूप वाटलं. एकजण म्हणाला, "कंपनीत काही न करता बसा असं पहिल्यांदाच कोणी सांगितलं." १४०/९० च्या वर आला तर आठवड्यानं पुन्हा बोलवायचं, तेव्हाही आला तर डॉक्टरांकडे, आणि मुख्य म्हणजे महिन्यानं विचारायचं, गेला होतास का? या शेवटच्या प्रश्नासाठी मी वहीत वेगळा रकाना पाडला. पहिल्या दिवशी खुर्चीत मी स्वतः बसलो. १४६/९२. तेव्हापासून माझीही गोळी चालू आहे.

कारखान्यातच मोजण्याचा एक फायदा मला नंतर कळला. काही माणसांचा रक्तदाब दवाखान्याच्या शांततेत नीट येतो आणि कामाच्या जागी चढलेला असतो. डॉक्टरांसमोर तो लपून राहतो. आमच्या पेंट शॉपमधल्या एकाचं तसंच निघालं. त्याच्या कार्डावरचे सहा आठवड्यांचे आकडे पाहून डॉक्टरांनी चोवीस तास अंगावर बांधायचं मशीन लावलं, तेव्हा खरं कळलं.

सगळं सुरळीत आहे असं नाही. गोळी चालू केलेले निम्मे लोक तीन महिन्यांत बंद करतात. "नॉर्मल आलं भाऊ, आता कशाला?" नॉर्मल गोळीमुळं आलंय हे प्रत्येकाला प्रत्येक वेळी पुन्हा सांगावं लागतं. गोळीची सवय लागते, ही समजूत तर घराघरांत आहे. पैशाचं कारण आता फारसं उरलेलं नाही. ज्यांचा पगार २१ हजारांच्या आत आहे ते कामगार विमा योजनेत आहेत, बाकीच्यांना जनौषधी केंद्रात रक्तदाबाच्या साध्या गोळ्या रोजच्या चहापेक्षा स्वस्त पडतात. २०१७ साली सरकारनं उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू केला, त्यातल्या पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. साधी ठरलेली औषधं, जवळच्या आरोग्य केंद्रात, आणि न आलेल्याचा पाठपुरावा. यातलं औषध कोणीही देईल. न आलेल्याला शोधायला माणूस लागतो.

कँटीनशी माझी झटापट चालू आहे. मिठाचं प्रमाण दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा, असं सांगितलं जातं. आमच्याकडं आमटी, वर लोणचं, वर पापड, आणि तरीही टेबलावर मिठाची वाटी. ती वाटी टेबलावरून काउंटरवर नेली, एवढंच आजवर जमलं. हाउसकीपिंगच्या मावशींची मिश्री हा वेगळाच विषय. त्यातला तंबाखूही रक्तदाब चढवतो हे मॅडमनी सांगितलं, तेव्हा एक मावशी म्हणाली, "ताई, पहाटे चारला उठते, तेवढाच माझा आधार." त्यावर आमच्यापैकी कोणाकडं उत्तर नव्हतं.

महिन्यातून एकदा, रविवारी, मी सिडकोत अण्णांच्या घरी जातो. काठी घेऊन संडासपर्यंत जातात. बोलणं पूर्ण परत आलं नाही, पाच-सहा शब्द आहेत, बाकी डाव्या हातानं सांगतात. घरी बीपीचं मशीन आहे, सूनबाई रोज मोजते, पण मी गेलो की ते मलाच खूण करतात.

आधी खुर्ची भिंतीला लावून घेतो. त्यांचा उजवा पाय उचलून नीट जमिनीवर टेकवतो. पट्टा डाव्या दंडाला; उजवी बाजू लुळी आहे, तिथं मोजायचं नाही. मग आम्ही दोघं पाच मिनिटं गप्प बसतो. समोर खिडकी आहे, तिच्यातून पाण्याच्या टाकीवरची कबुतरं दिसतात. परवा मशीन थांबल्यावर अण्णांनी स्वतःच मान पुढं करून आकडा वाचला, १३४, ८२, आणि डाव्या हाताची तर्जनी टेबलावर आडवी ओढली. लाल रेघेच्या आत. मी त्यांच्या वहीत लिहिलं आणि वही त्यांच्या हातात दिली.

सूनबाईनं तेव्हा चहा आणला. ती आता मोजण्याआधी आणत नाही.